माउलीच्या घड्याळातला फेटा

मारुतीच्या देवळापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. माणसं ओट्यावर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, शाळेच्या भिंतीवर चढून बसली होती आणि सगळ्यांची नजर एका टेबलावर खिळली होती. टेबलावर भगवं फडकं आणि फडक्यावर एक मनगटी घड्याळ. ते माउलीचं. गेल्या सोमवारी माउली उसाच्या फडाजवळ डोकं फुटून मेलेला सापडला होता. मोटारसायकल शेजारी आडवी पडली होती, म्हणून पोलिसांनी अपघात म्हणून नोंद केली होती. पण गावाला अपघात नको होता, खुनी हवा होता.

आणि तो गावानं धरलाही होता. देवळासमोरच्या लिंबाला व्यंकटी बांधलेला होता. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं भलतीकडंच वळली होती, एक डोळा सुजून मिटला होता आणि शर्टाच्या चिंध्या पाठीला रक्तानं चिकटल्या होत्या. बांधाच्या भांडणात मागच्या महिन्यात तो माउलीला 'बघून घेतो' म्हणाला होता. एवढंच त्याच्याविरुद्ध होतं. बाकीचा पुरावा छायानाथ महाराजांनी आदल्या दिवशी घड्याळातून काढला होता.

"भक्तांनो!" महाराजांनी मोरपिसांचा कुंचा हवेत फिरवला. "मरणाऱ्यानं शेवटी ज्याला पाहिलं, त्याला त्याच्या मनगटावरच्या घड्याळानंही पाहिलं! काळ म्हणजे घड्याळ, आणि घड्याळ म्हणजे काळ! काळापासून काय लपतं?"

"काहीच न्हाई, म्हाराज!" गर्दी गरजली.

अडचण एकच होती. महाराजांनी स्वतःच्या मोबाइलवर काढलेला कालचा फोटो धुरकट होता. काचेत चेहरा दिसत होता खरा, पण कुणी म्हणे व्यंकटी, कुणी म्हणे व्यंकटीचा चुलता. अर्धं गाव मारायला तयार, अर्धं कुणाला मारायचं या विचारात. तेव्हा माउलीच्या थोरल्या भावानं, भुजंगनं, महाराजांना न विचारताच निलंग्याहून फोटोवाली बोलावली. भक्ताचा उत्साह कधी कधी बाबाला असा गोत्यात आणतो.

सुकन्या बॅग सावरत गर्दीतून पुढं आली. निलंग्यात तिचा छोटा स्टुडिओ होता. लग्नसराई संपली की ती जुन्या घड्याळांच्या एका व्यापाऱ्यासाठी ऑनलाइन विक्रीचे फोटो काढायची. घड्याळ जवळून टिपणं म्हणजे डोकेदुखी. काच चकाकते, आणि त्या चकाकीत छत, बोटं, कॅमेरा, खुद्द फोटो काढणारीचं नाकही येऊन बसतं. या कामात सुकन्याची दोन वर्षं गेली होती. भुजंगनं फोनवर फक्त "घड्याळाचा जवळून साफ फोटो पायजे" एवढंच सांगितलं होतं. लिंबाला बांधलेला माणूस तिनं आता पाहिला.

"हे काय लावलंय? सोडा त्याला!"

"तुमी फोटू काढा म्याडम," भुजंग म्हणाला. त्याच्या हातात ट्रॅक्टरचा पट्टा होता. डोळे न झोपल्यानं लाल. "साफ फोटू आला की आमी सोडतोच त्येला. कायमचा."

पळून जावं असं तिला एकदा वाटलं. पण ती गेली तर तो धुरकट फोटोही या लोकांना पुरला असता. चित्र सगळ्यांना दिसावं म्हणून टेबलामागं टीव्ही मांडला होता; कॅमेऱ्याची वायर त्याला जोडायचं निमित्त करून तिनं मागं वाकून पोलिसांच्या एकशे बाराला फोन लावला, गावाचं नाव सांगितलं आणि "माणूस मारतायत" एवढं बोलून ठेवला. गाडी यायला वेळ लागणार होता. तो वेळ काढायचा तर एकच मार्ग होता. फोटो चांगला काढायचा, अगदी सावकाश.

तिनं तिवई लावली. कॅमेरा खाली तोंड करून घड्याळावर रोखला. फुंकणीनं काचेवरची धूळ उडवली. उन्हाच्या बाजूला बटर पेपर ताणला, म्हणजे उजेड मऊ पडतो.

"किती टाइम लावून राहिल्या!" मागून कुणीतरी ओरडलं, आणि नुसतं उभं राहवेना म्हणून एकानं व्यंकटीच्या पोटात लाथ घातली. व्यंकटी कण्हला. "आई शप्पत मी न्हाई," तो म्हणाला, पण ते फक्त जवळच्यांनाच ऐकू गेलं.

सुकन्यानं शेवटची वस्तू काढली. काळा पुठ्ठा, मधोमध भिंगापुरतं भोक. तो तिनं भिंगावर बसवला. आता काचेला वर दिसणार तो काळा पुठ्ठा, दुसरं काही नाही. टीव्हीवर चित्र उमटलं. घड्याळाचे काटे, आकडे, तबकडीवरचा बारीक ओरखडासुद्धा स्पष्ट. चेहरा मात्र कुठंच नाही.

गर्दीनं माना उंचावल्या.

"हे काळं काय आडवं घातलं?" महाराज खेकसले. "काळं आड आलं की आत्मा बुजतो! काढा!"

"अहो, पण याच्यामुळंच तर साफ—"

भुजंगनं पुठ्ठा ओरबाडून दूर भिरकावला आणि तिचं मनगट असं पिरगळलं की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हाराज सांगतील तसंच काढायचं."

महाराज टेबलाशी आले, डोळे मिटले आणि काहीतरी पुटपुटत मोरपिसांचा कुंचा कॅमेऱ्याशेजारी, घड्याळावर तिरका धरला. टीव्हीवर काचेत एक धुरकट चेहरा तरंगला.

"आला! आला!"

सुकन्या त्या चेहऱ्याकडं बघत राहिली. काचेत दिसणारं बाहेरून येतं, हे ती दोन वर्षं फोटोंतलं आपलं नाक पुसून पुसून शिकली होती. धुरकट दिसतं याचा अर्थ भिंगाचं तोंड मोठं आहे, कॅमेऱ्याची नजर, म्हणजे फोकस, फक्त तबकडीवर बसली आहे. तिनं भिंगाचं तोंड बारीक केलं. असं केलं की जवळचं आणि लांबचं दोन्ही रेखीव दिसतं. टीव्हीवरचा चेहरा एकदम साफ झाला.

व्यंकटीच. नाक, मिशी, सगळं व्यंकटीचं.

मग गाव उसळलं. शिव्या, काठ्या, दगड. एका म्हाताऱ्यानं काठी व्यंकटीच्या खांद्यावर मारली ती मोडली. कुणीतरी कुऱ्हाड पुढं दिली आणि ती भुजंगच्या हातात पोचली.

"फेटा!" सुकन्या जिवाच्या आकांतानं किंचाळली. "अरे, त्याच्या डोक्यावर फेटा आहे! बघा तरी!"

भुजंग थबकला. टीव्हीवरच्या माणसाच्या डोक्यावर खरंच फेटा होता आणि डोळ्यांवर काळा चष्मा. फेटा गुलाबी, तुरेदार.

"तुमच्या फाट्यावर फ्लेक्स लागलाय. व्यंकटीच्या वाढदिवसाचा. येताना मी पाहिला. हाच फेटा, हाच चष्मा. खून करायला गुलाबी फेटा बांधून गेला होता का हा? काळा चष्मा लावून?" तिनं चित्र आणखी मोठं केलं. चेहऱ्याच्या कोपऱ्यात सेलोटेप चमकत होती आणि कडेनं मोरपिसं डोकावत होती. "आत्म्याला सेलोटेप लागते का?"

कुणाला काही सुचायच्या आत तिनं महाराजांच्या हातातला कुंचा हिसकावला आणि उलटा केला. खालच्या बाजूला, पिसांच्या आड, फ्लेक्सवरून छापलेला व्यंकटीचा फोटो चिकटवलेला होता.

"दे इकडं, रांडे!" महाराज टेबलावरून झेपावले. कुंचा काही त्यांच्या हाती लागला नाही. मात्र त्यांचं तोंड घड्याळावर आलं आणि टीव्हीवर, माउलीच्या घड्याळात, दाढीसकट छायानाथ महाराज उमटले.

तेवढ्यात भिंतीवरून कुणीतरी बोंब मारली, "म्हाराज! म्हाराजच हाय घड्याळात! ह्यानंच मारलं माउलीला!"

आणि तीच गर्दी त्याच काठ्या घेऊन बाबावर पडली. पहिल्याच दणक्याला त्यांचे दात रक्तानं माखले. ज्या बायांनी सकाळी त्यांचे पाय धुतले होते, त्याच आता त्यांची जटा उपटत होत्या. खोटी जटा हातात आली तरी कुणी हसलं नाही, मारतच राहिले. लबाडी उघडी पडली होती, पण गाव अजूनही घड्याळावरच विश्वास ठेवून माणूस मारत होतं.

"थांबा!" ती टेबलावर चढली. "मी सांगतेय ते ऐका! बाबा लबाड आहे, खुनी आहे असं मी म्हटलेलं नाही! काच काहीही जपून ठेवत नाही, समोर येईल ते दाखवते! अरे, कुणीही वाका, तोच दिसेल!"

कुणी ऐकेना. ऐकलं ते एका म्हातारीनं. माउलीची आई मंजुळाबाई इतका वेळ ओट्यावर बसून होती. ती उठली, टेबलाशी आली आणि लेकाच्या घड्याळावर वाकली.

टीव्हीवर तिचा चेहरा आला. सुरकुत्या, रिकामं कपाळ, रडून रडून आटलेले डोळे.

"भुजंगा," ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण आईचा होता. "इकडं बग. मी दिसून राहिले रे. मंग मी मारलं का माज्या लेकराला?"

भुजंगनं टीव्हीकडं पाहिलं. मग आईकडं. काठ्या एकेक करून खाली आल्या.

"सांग की! मार मला. कुऱ्हाड हाय नव्हं हातात?"

कुऱ्हाड त्याच्या हातून गळून पडली. सुकन्या खाली उतरली. तिला मोठं भाषण करायचं नव्हतं, तेवढं बळही उरलं नव्हतं. "माउली कसा गेला ते मला माहीत नाही," ती भुजंगला म्हणाली. "तुम्हालाही नाही. शवविच्छेदनाचा अहवाल मागा, रस्ता तपासायला लावा, पोलिसांच्या डोक्यावर बसा. वेळ लागेल. पण माहीत नसताना माहीत आहे म्हणणारा जो येईल, त्याला आधी एवढंच विचारा की दाखव, तुझ्या हाताच्या खाली काय आहे."

जीप आली तेव्हा महाराज पाराखाली तोंड धरून बसले होते. पोलिसांनी त्यांना उचललं, कुंचाही घेतला. नंतर कळलं की घड्याळ हातात घ्यायच्या आधीच त्यांनी भुजंगला गप्पांत विचारलं होतं, "संशय कुणावर?" आणि फाट्यावर उतरून मोबाइलनं फ्लेक्सचा फोटो घेऊन तो छापून आणला होता. चमत्काराला एवढंच भांडवल लागलं.

लिंबापाशी मंजुळाबाई व्यंकटीचे दोर सोडत होती. गाठी रक्तानं घट्ट बसल्या होत्या, म्हातारीच्या बोटांनी निघेनात. भुजंग पाच पावलांवर खाली मान घालून उभा होता.

"उभा कामून ऱ्हायलास?" ती त्याच्याकडं न बघता म्हणाली. "गाठी तूच मारल्यास. ये, सोड."