साफ केलेला मारवा

दूधविनायकच्या गल्लीत दर रविवारी संध्याकाळी बैठक भरायची, पण तिच्यात गाणारं कोणी नव्हतं. सगळे ऐकणारे. कुणाच्या घरची जुनी कॅसेट, कुणी पेन ड्राइव्हवर आणलेली मैफल. वासुदेव साठ्यांच्या वरच्या खोलीत आधी चहा आणि मग ऐकणं. बँकेतून रिटायर झाल्यावर वासुदेवरावांनी सगळ्यांच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर चढवायचं काम अंगावर घेतलं होतं. माणूस भलताच टापटिपीचा. नुसत्या चढवून त्यांचं समाधान होईना, ते त्या साफ करू लागले. खरखर काढली, पंख्याची घरघर काढली, लोकांचे खोकले काढले. आणि मग त्यांनी दत्तूला काढलं.

दत्तू म्हणजे दत्तात्रेय मुळे, दशाश्वमेध घाटावर यात्रेकरूंच्या पूजा सांगणारा आणि बैठकीतला सगळ्यात मोठ्या घशाचा श्रोता. पूर्वी राजा घाटाजवळच्या एका घरी विश्वेश्वरबुवांचं गाणं व्हायचं. बुवा समेवर आले रे आले की ह्याची “जिया रजा, जिया!” ही दाद अर्ध्या गल्लीला ऐकू जायची. बुवांची तबकडी कधी निघाली नाही; जे काही उरलं ते त्या घरी टेप केलेल्या कॅसेटींत, आणि अर्थातच दत्तूसकट. वासुदेवरावांना ते ओरडणं तिथे मैफलीत बसल्यापासूनच भातातल्या खड्यासारखं लागे. कॉम्प्युटरवर आवाजाची रेघ दिसते, तिच्यात दत्तूची दाद कुठे आहे ते त्यांना लांबून ओळखू यायचं. ती कापायची आणि ती जागा तानपुऱ्यानं बुजवायची. झालं, गाणं सोवळं!

फाइली व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर गेल्या. पुण्याच्या, इंदूरच्या रसिकांनी लिहिलं, बुवा जणू स्टुडिओत गायलेत. वासुदेवराव हरखून गेले. कॅसेटींना बुरशी धरलीच होती, त्या त्यांनी कबाड्याला देऊन टाकल्या. दत्तूनंही ते ऐकलं. “एकदम चकाचक, वासुदेवा,” म्हणाला. आपण त्यात कुठेच नाही हे त्याच्या लक्षात आलं का, हे विचारायची वासुदेवरावांना गरज वाटली नाही.

मागच्या हिवाळ्यात दत्तू हृदयविकारानं गेला. बैठकीची रीत अशी, की कुणाचं वर्षश्राद्ध झालं की पुढच्या रविवारी त्याच्या आवडीची मैफल लावायची. दत्तूची आवड सगळ्यांना ठाऊक होती, बुवांचा मारवा. त्याच्या वर्षश्राद्धानंतरच्या रविवारी मात्र कधी नव्हे त्या त्याच्या बायको, कालिंदीवहिनी, जिना चढून वर आल्या. त्यांना आणलं होतं निवेदितानं. ही विद्यापीठात शिकवणारी मुलगी दत्तू गेल्यानंतर बैठकीत येऊ लागली होती आणि त्याच्या दादेचे किस्से तिनं नुसते ऐकले होते.

“मला गाण्यातलं काही समजत नाही, भाऊजी,” वहिनी म्हणाल्या, “पण ही म्हणते, ह्यात ह्यांचा आवाज आहे. मोबाइलमध्ये फोटो आहेत ढेर सारे, आवाज कुठेच नाही. हल्ली आठवायला जाते तर नीट आठवत नाही. एकदा ऐकला की बस.”

वासुदेवरावांनी तेव्हाच सांगायला हवं होतं. पण माणूस अशा वेळी आशेच्या मागे लपतो. एखादी दाद नजरेतून सुटली असेल, मारवा तर सुरुवातीला साफ केलेला, तेव्हा हात कुठे बसला होता, असं मनाशी म्हणत त्यांनी रेकॉर्डिंग लावलं.

बुवांचा आवाज लागला. वहिनी पाठ ताठ करून, मान एका बाजूला कलती ठेवून बसल्या. पहिली सम आली, मागे नुसता तानपुरा. दुसरी आली, पुन्हा तानपुरा. प्रत्येक समेला वहिनी थोड्या पुढे व्हायच्या आणि पुन्हा मागे टेकायच्या. कुठे काय कापलंय ते वासुदेवरावांना तोंडपाठ होतं. आपल्या कामावर किती खूश होता हा माणूस! आता मारवा त्यांच्या कानापर्यंत पोचतच नव्हता, त्यांना ती बुजवलेली भोकं तेवढी ऐकू येत होती.

एका लांब तानेनंतर हळूच आवाज आला, “वा.”

“हे?” वहिनींनी हात वर केला. चेहरा क्षणभर उजळला आणि लगेच विझला. “नाही. हे ह्यांचं नाही.”

“काका, हे तर तुम्ही!” निवेदिता म्हणाली.

तेच होते. थोडं पुढे आणखी एकदा, तसंच मोजकं, हलकं “वा.” साफ करताना त्यांनी हे कितीदा तरी ऐकलं असणार. पंखा खटकला, खोकला खटकला, दत्तू खटकला. स्वतःचा आवाज खटकलाच नाही! त्यांचे कान शरमेनं तापले. त्यांनी रेकॉर्डिंग थांबवलं.

“वहिनी, दत्तूची दाद मी काढली. सगळीकडून. मला तो कचरा वाटला.”

“पण मूळ कॅसेट असेल ना?” निवेदितानं घाईघाईनं विचारलं.

“कबाड्याला दिली.”

वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. त्या ओरडल्या असत्या, रडल्या असत्या तर वासुदेवरावांना सोपं गेलं असतं.

“गाण्याहून घरी आले ना, की आधी तुमचंच सांगायचे,” त्या म्हणाल्या. “जेवायला बसायच्या आधी. ‘आज वासुदेवानं वा म्हटलं, कालिंदी. म्हणजे मैफल रंगली.’ तुम्ही फार कमी बोलता, म्हणून त्यांना त्याचं मोठं अप्रूप. मी चिडवायची, तुम्ही गाणं ऐकायला जाता की भाऊजींना?”

वासुदेवराव कॉम्प्युटर बंद करायला उठले.

“लावा पुढे,” वहिनी म्हणाल्या. “त्यांचं नाही तर नाही. ते ज्याची वाट बघत बसायचे, ते तरी ऐकून जाते.”

त्यांनी पुन्हा सुरू केलं. बऱ्याच वेळानं ते सभ्य, हलकं “वा” आलं आणि वासुदेवरावांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. वहिनींनी मान हलवली आणि पुढचं ऐकू लागल्या.