शाळेच्या खिडक्या उघडल्या तेव्हा

एडिथचा आवाज मला आधी भिंतीपलीकडून ऐकू आला. ऑक्टोबरची उतरती दुपार होती, ओकची पानं तांब्याच्या रंगाला आली होती, आणि दारं-खिडक्या मिटून बसलेल्या एका जुन्या लाकडी कोठारातून तो खोल, किंचित खरखरीत स्वर जमिनीतून ओल चढावी तसा वर येत होता. शब्द कळत नव्हते. तरी मी गाडीच्या दारावर हात ठेवून तशीच उभी राहिले. मधेच जाऊन दार वाजवणं बरं दिसलं नसतं.

नागपूरहून लग्न होऊन मी अमेरिकेत, इलिनॉयमधल्या शॉमबर्गला आले होते. नवऱ्याच्या व्हिसावर होते, त्यामुळे नोकरीची परवानगी नव्हती, आणि दिवस मोठे होते. पब्लिक लायब्ररीच्या फलकावर एक चिठ्ठी दिसली: टाइपिंग येणारी स्वयंसेविका हवी. पत्ता तासाभराच्या अंतरावर, मक्याच्या शेतांमधला. ती पेगन लोकांची छोटीशी सेमिनरी होती, म्हणजे त्यांचं पौरोहित्य शिकवणारी शाळा. ही माणसं ऋतूंचे सण करत, धरणीला माता म्हणत, अग्नीला आणि पाण्याला हात जोडत. मला त्यात परकं वाटावं असं फारसं काही सापडलं नाही. नवऱ्याने मात्र पहिल्याच दिवशी विचारलं, "यार, तिथे जादूटोणा वगैरे नाही ना करत?" महाराष्ट्र मंडळातल्या एका काकूंनीही चौकशी केली. पूजा सांगायला शिकवतात, एवढं म्हटल्यावर त्यांचं समाधान झालं.

एडिथ त्या शाळेची प्रमुख. पासष्टी ओलांडलेली, उंच, खांद्यात थोडी वाकलेली. पांढरे केस मानेपाशी एका लाकडी काट्याने अडकवलेले. माझ्या आईहून मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायची, हे माझ्या जिभेला कितीतरी महिने जमलं नाही. ती बोलू लागली की मार्चमध्ये बर्फाखालून ओहोळ वाहू लागावा तसं वाटे. आधी नुसती चाहूल, मग अचानक सगळीकडे पाणीच पाणी. शाळा म्हणजे तो आवाज होता. संध्याकाळी कोठाराच्या खिडक्या लावून घेत, विद्यार्थी डोळे मिटून वर्तुळात उभे राहत, आणि जन्माची, विवाहाची, मृत्यूची सगळी स्तोत्रं तिच्या मुखातून ऐकून पाठ करत. कागदावर काही उतरवायचं नाही, हा तिथला नियम. तिच्या गुरूने तिला असंच शिकवलं होतं. मी टाइप करायचे ती फक्त पत्रं.

डोनाचं पत्र दुसऱ्या वर्षीच्या वसंतात आलं. डोना जवळच्या गावातल्या वृद्धाश्रमात काम करणारी, जन्मापासून ऐकू न येणारी बाई. तिचा नवराही तसाच होता. तो नुकताच गेला होता. तिने लिहिलं होतं की ऐकू न येणाऱ्या आपल्या समाजातले लोक आता म्हातारे होताहेत, इस्पितळात मरताहेत, आणि त्यांच्या शेवटाला आपल्यातलं कुणी नसतं. नवऱ्याच्या अंत्यविधीला भाड्याने बोलावलेला एक परका पाद्री बोलत राहिला आणि ती पुढच्या रांगेत एकही शब्द न कळता उभी राहिली. तिला शिकायचं होतं, ते दुसऱ्या कुणावर अशी वेळ येऊ नये म्हणून.

एडिथने ते पत्र खिडकीपाशी उभं राहून दोनदा वाचलं. मग मला नकाराचं उत्तर टाइप करायला सांगितलं. उत्तर सौम्य होतं, नेटकं होतं. आपली विद्या कानाने घ्यायची विद्या आहे, अंधार आणि स्वर काढून घेतला तर उरेल ती माहिती, दीक्षा नव्हे, अशा अर्थाचं. मी ते टाइप केलं, सहीसाठी तिच्यासमोर ठेवलं, आणि तिथून हलले नाही.

आदल्याच वर्षी माझे बाबा गेले होते. मला सातवा महिना होता, डॉक्टरांनी विमानप्रवासाला मनाई केली होती. दादाने अंगणात फोन धरून ठेवला होता आणि मी शॉमबर्गच्या स्वयंपाकघरात तो कानाशी लावून बसले होते. गुरुजींचे मंत्र, भांड्यांचे आवाज, आईचा हुंदका, सगळं ऐकू येत होतं. हे मी तोवर तिथे कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दिवशी एडिथला सांगितलं, अडखळत्या इंग्रजीत, आणि शेवटी म्हणाले, "मला सगळं ऐकू आलं, पण दिसलं काहीच नाही. बाबा गेले असं मला अजून वाटत नाही."

एडिथने ते नकाराचं पत्र घडी करून बाजूला ठेवलं, कोरा कागद ओढला आणि स्वतःच्या हाताने एक ओळ लिहिली: शनिवारी सकाळी ये, उजेड असताना.

त्या शनिवारी कोठाराच्या खिडक्या उघडल्या. कित्येक वर्षांची धूळ उन्हाच्या तिरप्या पट्ट्यांत सोनेरी होऊन तरंगू लागली, आणि डोळे मिटायची सवय असलेले विद्यार्थी एकमेकांचे चेहरे पाहून संकोचले. दोघे जण त्यानंतर आलेच नाहीत. त्यांच्या मते शाळेने आपला प्राण विकला होता. एडिथने त्यांना दोष दिला नाही. अंधारात काहीतरी होतं आणि ते गेलं, हे ती शेवटपर्यंत कबूल करत राहिली.

ती स्वतः मात्र विद्यार्थिनी झाली. आठवड्यातून दोनदा कम्युनिटी कॉलेजात खुणांची भाषा शिकायला जाऊ लागली, विशीतल्या मुलांच्या शेजारी बसून. संधिवाताने तिची बोटं हिवाळ्यातल्या फांद्यांसारखी ताठ झालेली. कागदांचा नियमही गळून पडला. ती स्तोत्रं म्हणे, मी टाइप करी, आणि डोना एकेक ओळ हातांत उतरवे. मरणाची खूण साधी आहे: दोन तळहात, एक उताणा, एक पालथा, आणि मग दोन्ही एकदम उलटायचे, कुणी झोपेत कूस बदलावी तसे. एडिथचं मनगट नेमकं तिथेच अडे. डोना तिचे हात आपल्या हातांत घेई आणि न कंटाळता पुन्हा फिरवून दाखवी.

एका सकाळी असाच सराव चालला असताना वॉल्टर रडू लागला. वॉल्टर म्हणजे शाळा उभी करणाऱ्यांपैकी एक, पोटापर्यंत दाढी असलेला निवृत्त सुतार. गेली चार वर्षं आपल्याला काही ऐकू येत नाही, असं त्याने त्या दिवशी सांगितलं. अंधारात तो सर्वांबरोबर डोळे मिटून उभा राही, शेजारच्याचा श्वास जाणवला की ओठ हलवी. "ही चार वर्षं मी तुझ्याशीही बोलत होते," एडिथ म्हणाली, आणि मग लक्षात येऊन थांबली, त्याच्या समोर जाऊन उभी राहिली, आणि तेच वाक्य आखडलेल्या हातांनी पुन्हा म्हणाली. त्याला ते अर्धंमुर्धंच कळलं असेल. पण तो हसला.

त्यानंतर शाळा हळूहळू वेगळीच झाली. टाइप केलेले पाठ टपालाने जाऊ लागले. लहान मुलं पदराशी असलेल्या आया, दूरच्या राज्यातले कुणी एकटेदुकटे घरी बसून शिकू लागले. इस्पितळात रुग्णाशेजारी कसं बसावं, गप्प कसं राहावं, यावर एडिथ आणि डोना मिळून एक नवा वर्ग घेऊ लागल्या.

वॉल्टर गेला त्या शरदात डोनाला दीक्षा मिळून महिनाही झाला नव्हता. मक्याची कापणी संपलेल्या शेताच्या कडेला आम्ही तीसेक माणसं उभी होतो, माझी मुलगी माझ्या कडेवर. डोना पुढे आली आणि तिच्या हातांनी मोकळ्या आभाळासमोर बोलायला सुरुवात केली. ऐकणाऱ्यांसाठी तिचे शब्द उच्चारायला एडिथ एका बाजूला उभी होती. आयुष्यभर ती पुढे बोलत आली होती आणि लोक तिच्यामागून म्हणत आले होते. त्या दिवशी ती दुसऱ्याच्या हातांकडे पाहत, अर्धा श्वास मागे राहून बोलली. शेवटच्या खुणेला शब्दच लावला नाही तिने. डोनाचे तळहात उलटले, आणि शेत, वारा, माणसं, सगळं तेवढ्यापुरतं एकच गोष्ट समजून उभं राहिलं. माझ्या बाबांसाठी मी पहिल्यांदा रडले ती तिथे.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात नवऱ्याची नोकरी दूर दक्षिणेतल्या अल्फारेटाला गेली आणि आम्ही इलिनॉय सोडलं. त्याच हिवाळ्यात डोनाची ईमेल आली. एडिथ झोपेतच गेली होती. विधी डोनाने केला होता. खाली तिने एवढंच लिहिलं होतं की जानेवारीत नवा वर्ग सुरू होतोय, सात जण आहेत, मला जुने पाठ पाठवता येतील का. मी ते त्याच दिवशी पाठवले.

एडिथच्या सोबतीची वर्षं मोजून सहा. तिच्यावाचून गेलेली त्याहून कितीतरी अधिक. तरी मागे वळून पाहते तेव्हा ही पुढची सगळी वर्षं अंग चोरून उभी असतात, आणि ती सहा मात्र ऐसपैस बसलेली दिसतात.