कबरीतली जागा

सुहासिनीबाई उजागरे प्रार्थनेला उठल्या की चर्चमधल्या बायका आधीच पर्समधून रुमाल काढून ठेवत. बाईंचा आवाज मुख्याध्यापिकेच्या खुर्चीत बसून कमावलेला होता. शब्द कुठे थांबवायचा आणि कुठे थरथरवायचा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आजाऱ्याच्या उशाशी बसून त्या अशी काही प्रार्थना करत की आजाऱ्याला बरं वाटो न वाटो, नातेवाइकांना नक्की बरं वाटे. चहाचा कप विसळायला मात्र त्यांचा हात कधी गेला नाही. त्यासाठी घरात वेणू होती.

वेणू फलटणकडची. ऐन तारुण्यात विधवा झाली आणि अंगावरच्या लुगड्यानिशी येरवड्याला आली ती बाईंच्या चेतनला सांभाळायला. चेतन तेव्हा रांगतही नव्हता. आता तो सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर आहे आणि गळ्यातलं ओळखपत्र जेवतानाही काढत नाही. उजागऱ्यांच्या घरात राहून वेणूनं बाप्तिस्मा घेतला. तो घ्यावा म्हणून बाईंनीच तिच्यामागे लकडा लावला होता. गावी कळलं तेव्हा भावानं निरोप धाडला, बहीण मेली असं आम्ही समजतो. वेणूनं दोन दिवस ताटाला हात लावला नाही. बाईंनी तिला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "आता आम्हीच तुझी माणसं." बोलायला त्या कधी कमी पडल्या नाहीत.

पुढे आयटीवाले आले, त्या भागातल्या जमिनींना सोन्याचा भाव आला आणि उजागऱ्यांचा बंगला बिल्डरच्या घशात गेला. बदल्यात सातव्या मजल्यावर फ्लॅट मिळाला. वेणूच्या वाट्याला स्वयंपाकघरामागची खोली आली. बिल्डरच्या नकाशात तिला 'स्टोअर' म्हटलं होतं. त्याच वर्षी महिला मंडळाच्या मेळाव्यात बाई साक्ष द्यायला उभ्या राहिल्या. साक्ष म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघांत सांगायचं. बाईंच्या साक्षीत देव थोडा आणि बाई फार असत. त्या दिवशी तर त्या अगदी रंगात आल्या.

"वेणूला मी कधी मोलकरीण मानलं नाही, ती माझी बहीण आहे," त्या म्हणाल्या. "उजागऱ्यांच्या कबरीत माझ्यासाठी जागा आहे. वेणूला माझ्याआधी बोलावणं आलं, तर ती जागा तिची. मी देईन!"

सभागृहात हुंदके फुटले. मागे चहाच्या पातेल्यापाशी उभी असलेली वेणू पदरात तोंड घालून रडली. चर्चच्या पाळकसाहेबांनी पुढच्या रविवारी उपदेशात हाच दाखला दिला आणि नाताळात पुन्हा दिला. आता तो शब्द मागे घ्यायची सोय राहिली नाही.

ही जागा म्हणजे काय होती, तेही सांगायला हवं. जुन्या कब्रस्तानात नवी कबर मिळणं केव्हाच बंद झालं होतं. ज्यांच्या घराण्याची कबर असेल त्यांनी तीच पुन्हा उघडायची, आणि एकदा उघडली की चौदा वर्षं तिला हात लावायचा नाही, असा तिथल्या कमिटीचा नियम. बाकीच्यांनी शहराबाहेरच्या नव्या कब्रस्तानात जायचं, जिथं सिमेंटचे कप्पे ओळीनं बांधून ठेवले आहेत. उजागऱ्यांच्या कबरीत बाईंचे यजमान शांतवनराव निजले होते. त्यांना जाऊन पुरेशी वर्षं झाली होती, म्हणजे कबर उघडता येणार होती, पण एकीसाठीच. बाईंची पंच्याहत्तरी उलटली होती आणि हृदय जेमतेम निम्म्यानं चालत होतं. आणखी चौदा वर्षं त्या काढणार नाहीत, हे सांगायला डॉक्टरची गरज नव्हती.

शांतवनराव अबोल माणूस. बाईंना अंधाराची भीती वाटते हे त्यांना लग्नानंतर लगेच कळलं, आणि तेव्हापासून जन्मभर ते दाराच्या बाजूला निजले. कुणाला सांगितलं नाही, थट्टा केली नाही. एवढ्या मोठ्या आवाजाची बाई, पण या एका माणसाजवळच ती खरोखर शांत असे. आता त्यांच्याशेजारी जाऊन पडायचं, एवढीच बाईंची इच्छा उरली होती. अनोळखी माणसांच्या ओळीत, सिमेंटच्या कप्प्यात आपण एकट्या, हा विचार आला की त्या उठून दिवा लावत. बाईंमध्ये खरं असं काही असेल, तर ते एवढंच होतं.

आणि वेणूच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टरांनी चेतनला बाजूला घेऊन सांगितलं की आता फार दिवस नाहीत.

बाईंनी प्रार्थनेचा धडाकाच लावला. उपास धरले. चर्चमध्ये साखळी प्रार्थना सुरू केली, म्हणजे एक घर थांबलं की दुसऱ्यानं धरायचं, खंड पडू द्यायचा नाही. "प्रभो, वेणूला वाचव! न्यायचंच असेल तर मला आधी ने!" असं त्या ओरडून म्हणत तेव्हा ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा येई. मोलकरणीवर एवढी माया हल्ली कुठे बघायला मिळते, असं जो तो म्हणू लागला. बाई खरोखरच कळवळून बोलत होत्या. त्यांच्या प्रार्थनेत एकही शब्द शोभेचा नाही, असं उभ्या जन्मात पहिल्यांदाच घडत होतं.

एका संध्याकाळी त्यांनी चेतनला स्वयंपाकघरात गाठलं. "कब्रस्तानाच्या सेक्रेटरींना विचारलंस?"

"विचारलं. नियम म्हणजे नियम, म्हणाले. आई, पण इश्यू काय आहे एवढा? वेणूमावशीला नव्या ठिकाणी ठेवू. मी अरेंज करतो सगळं."

"अख्ख्या मंडळीसमोर बोललेय मी. आता कुठलं तोंड दाखवू?"

"मग दे तिला जागा."

"आणि मी कुठे जाऊ? तुझ्या पप्पांना सोडून त्या कप्प्यात पडू?" बाईंचा कमावलेला आवाज चढला. "हिलाच कसली एवढी घाई झालीय आधी जायची!"

चेतननं चमकून आईकडे पाहिलं. तो काही बोलणार तेवढ्यात मोबाइल वाजला. अमेरिकेतला क्लायंट होता, म्हणून तो गॅलरीत गेला. वेणूच्या स्टोअरची भिंत अर्ध्या विटेची होती. वेणू गोळी घेऊन झोपली असेल, अशी बाईंनी स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी वेणूनं बजरंगला बोलवायला सांगितलं. बजरंग तिच्या भावाचा मुलगा. बाप मेल्यावर पुण्यात आला, आयटी कंपन्यांची कॅब चालवू लागला आणि अधूनमधून आत्याला भेटून जाऊ लागला. तो आला, दार लोटून बराच वेळ तिच्याजवळ बसला, आणि बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल झाले होते. बाईंकडे न बघताच तो निघून गेला.

रविवारी उपासना आटोपून पाळकसाहेब वेणूला प्रभुभोजन द्यायला घरी आले. बरोबर चर्चच्या कमिटीचे दोन सभासद होते. वेणूनं भाकरीचा तुकडा घेतला, द्राक्षरस घेतला. गिळताना तिला फार त्रास झाला. पाळकसाहेब पेला पुसून ठेवत होते तेव्हा ती म्हणाली, "साहेब, मी मेल्यावर मला जाळा. बजरंग नेनार हाय मला. कबरंत घालू नगा."

पाळकसाहेबांच्या हातातला रुमाल तसाच राहिला. "वेणूबाई, काय बोलताय हे? आत्ताच प्रभुभोजन घेतलंत ना?"

"घेतलं की."

"मग आता प्रभूला सोडून चाललात?"

"त्येला कुठं सोडतीया? राख झाली तरी हुडकंल त्यो मला. त्येला काय अवघड हाय?"

औषधांमुळे डोकं फिरलंय, असं एक सभासद पुटपुटला. ते वेणूनं ऐकलं. "डोकं ठिकानावर हाय माझं," ती म्हणाली. "बाईंनी जागा देऊ केली, त्यांचा शबुद त्यांनी पाळला. मलाच ती नगं. समद्यांस्नी तसंच सांगा."

सगळे गेले तरी बाई खोलीतच उभ्या राहिल्या. त्यांना सगळं कळलं होतं. छातीवरचा धोंडा उतरला होता आणि तो उतरला याची लाजही वाटत होती. लाज थोडी होती आणि सुटकाच जास्त होती.

"का केलंस वेणू असं?"

"तुमाला अंधाराचं भ्या वाटतं, बाई," वेणू हळू आवाजात म्हणाली. "शांतवनसाहेब गेल्यापासनं मी तुमच्या दारात पथारी टाकत हुते, ती काय गार वारं खायाला? मला नव्या जागी पुरलं असतं, तर बाईंनी शबुद मोडला म्हनली असती मानसं. तुमी त्यांच्यापाशीच जावा."

'नको' एवढंच म्हणायचं होतं. तो शब्द बाईंच्या ओठांपर्यंत आला. त्यांनी तो गिळला आणि म्हणाल्या, "चल, आपण प्रार्थना करू या."

"आज ऱ्हाऊ द्या. घशाला कोरड पडलीया. वाईच पानी देता?"

पाणी शेजारीच स्वयंपाकघरात होतं. पण बाईंचे डोळे मिटले होते आणि तोंड सुरू झालं होतं. वेणूच्या वेदनांबद्दल, तिच्या सेवेबद्दल, स्वर्गातल्या घराबद्दल त्या बोलत राहिल्या. आमेन म्हणून डोळे उघडले तेव्हा वेणू भिंतीकडे तोंड करून पडली होती.

त्याच आठवड्यात ती गेली. बजरंग शववाहिका घेऊन आला, बरोबर कॅबवाले दोन मित्र होते. विद्युतदाहिनीपाशी चर्चमधलं कुणीही गेलं नाही. पाळकसाहेबांना कमिटी जाऊ देईना, कमिटीला स्वतःला जावंसं वाटेना, चेतनच्या प्रोजेक्टची डेडलाइन होती आणि बाईंच्या छातीत धडधडत होतं. निघताना बजरंग दारात थांबला.

"बाई, आत्या ख्रिस्तीच म्हनून गेली. कुनी वंगाळ बोललं, तर तेवढं सांगा त्यास्नी. मला दुसरं कायबी नगं."

बाईंनी हो म्हणून मान हलवली.

लोक बोललेच. इतकी वर्षं उजागऱ्यांचं मीठ खाल्लं आणि शेवटी आपल्या वळणावर गेली, असं बायका चर्चच्या पायऱ्यांवर उभ्या राहून म्हणाल्या. ज्या वेणूनं त्यांच्या प्रत्येक मेळाव्याची भांडी घासली होती, तिचं नावही कुणाला घ्यावंसं वाटेना. मग एका दुपारी पाळकसाहेब बाईंकडे एकटेच आले. त्यांचा चेहरा उतरला होता.

"बाई, मला चैन पडत नाही. त्या बाईनं माझ्या हातून प्रभुभोजन घेतलंय हो. कमिटी म्हणते, ती जुन्या धर्मात परत गेली, तेव्हा तिच्यासाठी स्मरणाची उपासना घ्यायची नाही. पण शेवटपर्यंत तुम्हीच तिच्याजवळ होतात. ती विश्वासात गेली एवढं तुम्ही नुसतं सांगा. मग कमिटीशी मी भांडतो. रविवारी मंडळीसमोर उभा राहून तिचं नाव घेतो."

जन्मभर शब्द फुकट वाटणाऱ्या बाईंकडे आज असा एक शब्द मागितला जात होता, ज्याची किंमत त्यांना स्वतःला मोजावी लागणार होती. हो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला होता, मग तिनं जाळायला का सांगितलं? त्याचं उत्तर जगात दोघांनाच माहीत होतं, आणि बजरंगला कुणी विचारणार नव्हतं. बाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या आयटी पार्कच्या काचांवर ऊन पडलं होतं.

"नाही, पाळकसाहेब," त्या म्हणाल्या. "शेवटी तिचं मन डळमळलं. मी खूप प्रयत्न केला."

पाळकसाहेबांनी हातातलं बायबल मिटलं. मग म्हणाले, "प्रार्थना तुम्हीच करा. मला आज शब्द सुचत नाहीत."

बाईंना सुचले. आवाज जिथं थरथरायला हवा तिथंच थरथरला. आमच्याच पदरी अपयश आलं, असं त्या म्हणाल्या तेव्हा पाळकसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. आमेन झाल्यावर ते उठले आणि दारापाशी जाऊन थबकले.

"तुम्ही तिच्यासाठी किती केलंत, बाई," ते म्हणाले. "सख्खी बहीण करणार नाही एवढं."

सुहासिनीबाईंनी पदरानं डोळे टिपले. "मी कसलं करतेय, पाळकसाहेब? प्रभूनं करून घेतलं."