मानेवरची पिसं

मी मोहर्लीच्या एका रिसॉर्टमध्ये काम करते. पाहुण्यांना पहाटे सफारीसाठी उठवायचं आणि वाघ दिसला नाही की त्यांची बोलणी खायची, हे माझं काम. आमचे मालक सुरेंद्रभाऊ यांच्या डोक्यात यंदा नवंच खूळ शिरलं. वाघ नाही दिसला तर पाहुण्यांनी निदान मासे धरावेत, तेही साहेबी थाटात. फ्लाय फिशिंग म्हणतात त्याला. लांब लवचीक काठी, जाडसर रंगीत दोरी आणि टोकाच्या गळावर पिसं बांधून केलेली खोटी माशी. मासा धरायचा, फोटो काढायचा आणि परत पाण्यात सोडायचा. हौसेला मोल नसतं, दुसरं काय!

"तू ढिवराची पोरगी, रोशनी. तुह्या रक्तातच आहे हे," असं म्हणून भाऊंनी ती काठी, थोड्या माश्या आणि मोकळे गळ, कात्री ठेवलेली डबी माझ्या गळ्यात मारली आणि शिकून ये म्हणून मला गावी धाडलं. रक्तात म्हणे! आम्हा मासेमारांत मुलीच्या हातात मासे कापायला विळा देतात, जाळं कोणी देत नाही.

आमचं गाव गोंडपिपरीच्या पलीकडे, वैनगंगेच्या काठावर आहे. हल्ली मला घरी जाववत नाही. गेल्या श्रावणात माझा भाऊ स्वप्निल पुरात वाहून येणारी लाकडं धरायला डोंगा वल्हवत गेला. डोंगा सापडला, तो सापडला नाही. तेव्हापासून माझ्या बाबांनी नदीत जाळं टाकलेलं नाही. जाळं तळ खरवडत येतं आणि त्यात काय येईल याची त्यांना धास्ती. आता ते दुसऱ्याच्या वावरात मजुरीला जातात. मायनं तर त्याचं तेरावं, दिवसपाणीही करू दिलं नाही. माझं पोरगं येणार, एवढंच ती म्हणते. गंगामायच्या नावानं तिनं एक लाल कोंबडा सोडला आहे. पोरगं घरी आलं की कोंबड्याचा मान नदीला. अशा कोंबड्याला कोणी हात लावत नाही, कारण त्याच्यात खोट निघाली तर नवस वाया जातो. हे कोंबड्यालाही कोणीतरी सांगितलं असावं, कारण तो पाटलासारखा घरभर फिरायचा. मला त्याचं तोंड बघवत नव्हतं.

मी घरामागच्या पडीक जागेत सराव सुरू केला. नवशिक्यानं आधी गळ न लावता, दोरीला लोकरीचा गोंडा बांधून गवतात शिकायचं, असं मोबाइलमधला माणूस सांगत होता. दोरी मागे न्यायची, ती मागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं आणि मग पुढे टाकायची. सगळी गोम त्या थांबण्यात आहे, आणि थांबणं माझ्या स्वभावात नाही. दोरी कधी कानाला, कधी गळ्याला. कुंपणावरून बाया खिदळायच्या. नदीवर गेले तर निम्म्या माश्या बाभळीनं खाल्ल्या.

बाबा लांबून बघत होते. एका सकाळी ते माझ्यामागे काठापर्यंत आले. श्रावणानंतर पहिल्यांदाच.

"हे खाली जात नाई का व?" त्यांनी विचारलं.

"नाही बाबा. माशी वरच तरंगते. तळाला काहीच जात नाही."

त्यांनी माशी बोटांवर घेऊन फिरवून पाहिली. मग म्हणाले, "आण इकडं."

बाबांनी काठी घेतली, कमरेतून वळले, झोकात हात फेकला आणि मूठ उघडली. जन्मभर जाळं फेकलेला हात तो! जाळं फेकताना शेवटी सोडावंच लागतं. काठी उडून पाण्यात. मी पोट धरून हसले, बाबाही हसले. तो आवाज मी विसरूनच गेले होते. मग ते काठी आणायला घोट्याएवढ्या पाण्यात गेले आणि तिथंच थबकले. काठी शेवटी मीच आणली.

तीन-चार दिवसांत त्यांची मूठ मिटलेली राहू लागली. थांबणंही त्यांना माझ्यापेक्षा बरं जमायचं. तोवर उरल्यासुरल्या माश्याही बाभळीनं गिळल्या. दुसऱ्या दिवशी बाबांनी स्वतः बांधलेली माशी आणली. मोकळ्या गळावर लालसर, चमकदार पिसं, जाळं शिवायच्या दोऱ्यानं आवळलेली.

माझ्या विकतच्या माश्यांकडे एकाही मासोळीनं ढुंकून पाहिलं नव्हतं. बाबांची माशी पाण्याला टेकली आणि मासोळी उठली. पुन्हा टाकली, पुन्हा उठली. दर खेपेला. मला आधी आनंद झाला आणि मग भीती वाटू लागली, कारण नदी इतकी उदार कधीच नसते. बाबा मासोळी गळातून सोडवून पाण्यात सोडत आणि लगेच दोरी फेकत. दोरी ताणली की ते काहीतरी पुटपुटत. मी जवळ जाऊन ऐकलं.

"हाव, हाव. आहो मी, इथीच आहो," कोणाच्या हाकेला ओ द्यावी तसं बाबा म्हणत होते.



पिसं कुठली, हे त्याच दुपारी कळलं. माय कोंबडा काखेत मारून धावत नदीवर आली. कोंबड्याची अर्धी मान बोडकी, लालभडक झाली होती. आता बाबांची धडगत नाही, असं मला वाटलं.

"काऊन केलं जी असं?" ती ओरडली. "माह्या पोराचा नवस होता तो!"

बाबांची दोरी तेव्हा हवेत होती. माशी पाण्यावर पडली, मासोळी उठली आणि तिनं ती तोंडात घेतली. माय कोंबडा काखेत घेऊनच पाण्याजवळ आली.

"घेऊन राह्यली ते," ती हळूच म्हणाली. "थोडा थोडा करून कोंबडा घेऊन राह्यली गंगामाय. मंग आता तिले पोरगं देणंच पडते."

बाबांनी मासोळी सोडवली आणि पुन्हा दोरी फेकली.

त्या दिवसापासून दोघं रोज नदीवर. माय स्वतः पिसं उपटून द्यायची, बाबा बांधायचे, ती काठावर बसून पाण्याकडे डोळे लावायची. घरी तिनं स्वप्निलचे शर्ट धुऊन इस्त्री करून ठेवले. येईल तेव्हा अंगावर कोरडं घालायला हवं, म्हणाली. मला बाबांचा संताप यायचा.

"बाबा, तिला खरं सांगा," मी एकदा म्हणाले.

"तू सांग," ते म्हणाले. माझ्याच्यानं कुठलं सांगवतंय!

मोहर्लीला परत निघायच्या आदल्या सकाळी मीही त्यांच्याबरोबर गेले. कोंबड्याच्या मानेवर आता एकही पीस नव्हतं. शेवटची माशी एका मोठ्या माशानं दोरीसकट तोडून नेली. बाबा काठी खाली ठेवू लागले, तशी माय उठली. तिनं अंबाडा सोडला, माझ्या डबीतली कात्री घेतली आणि केसांची बट कापून बाबांपुढे धरली.

"हे बांधा," ती म्हणाली. "कोंबडा कमी पडला असन. आता थोडी थोडी मी जातो तिले."

बाबांनी बट तळहातावर घेतली. श्रावणापर्यंत तिचे केस काळेभोर होते, आता अर्धे पांढरे.

"मैना," ते म्हणाले, "दोरी ओढली का मले तोच वाटे. वाटे, तोच हात लावून राह्यला. अन् दरखेपी मासोळीच निघे. दरखेपी मासोळीच." त्यांनी बट तिच्यापुढे धरली. "तो मेला व, मैना. आपला पोरगा मेला."

आमच्या घरात हा शब्द पहिल्यांदाच कोणी उच्चारला होता. माय बाबांवर धावून जाईल म्हणून मी पुढे झाले. पण ती गेली नाही. तिनं बाबांच्या हातातली बट परत घेतली, मुठीत घट्ट धरली आणि पाण्याकडे वळली.

"लय थंड होतं जी पाणी तो गेला त्या दिवशी," ती म्हणाली आणि रडायला लागली.