दमणाऱ्या बाईचे मत

मी एक जुना काळा फळा आहे. शहापूरच्या बाजारपेठेत एक लहानसे वाचनालय आहे, त्याच्या दाराशी मी टांगलेला असतो. मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तूंनी गोड बोलावे अशी तुमची अपेक्षा असते. पण मला राग आला आहे, तेव्हा आज ते जमणार नाही.

सापगावच्या एका सुताराने मला आंब्याच्या लाकडातून घडवले. घासून गुळगुळीत केले आणि दोन्ही बाजूंनी काळा रंग दिला. ही १९९४ सालची गोष्ट. वाचनालयाचे कार्यवाह जयरामभाऊ यांनी तेव्हा एक सुंदर नियम केला होता. पुस्तक वाचून परत करणाऱ्याने माझ्यावर आपले मत लिहायचे. ते पुसायचा हक्क फक्त पुढच्या वाचकाला, तोही स्वतःचे मत लिहिण्यासाठी.

लोक लिहीत, 'छान.' 'वाचनीय.' 'सर्वांनी अवश्य वाचावे.' एक गुरुजी तर पुस्तकाच्या मागच्या पानावरचा मजकूरच उतरवून काढत. वर्षानुवर्षे हेच अंगावर वागवून मी कंटाळलो होतो.

मग देवकी येऊ लागली. कडेवर धाकटी मनस्वी, हातात बाजाराची पिशवी. मुलगी झोपली की चूल पेटेपर्यंत जेवढी पाने होतील तेवढी ती वाचायची. घरी तिला कोणी काही विचारत नसे. एका क्रिकेटपटूचे आत्मचरित्र परत करताना तिने खडू उचलला.

'यात खेळपट्टीवरच्या गवताचेसुद्धा वर्णन आहे. हा दौऱ्यावर असताना घरची मुले कोणी वाढवली, ते नाही. बायकोला दोन ओळी दिल्यात, त्यातही ती चहा देते. बाकी पुस्तक चांगले.'

माझ्यापुढे गर्दी झाली. टेनिस बॉलच्या संघातला आदेश हसत म्हणाला, "वहिनी, बायकांना क्रिकेटमधलं काय कळतं?"

"खेळातलं नाय कळत, भावजी. खेळून आल्यावर मळके कपडे कोण धुतं, तेवढं कळतं."

आदेशने ते पुस्तक त्याच दिवशी घरी नेले. पहिल्यांदाच मला फळा असल्याचा अभिमान वाटला.

पुढे तिने एक कादंबरी वाचली. आपल्याच भागातली गोष्ट. नायिका ओली बाळंतीण, तरी दिवसभर चिखलात भाताची लावणी करते आणि हसत घरी येते. देवकीने लिहिले, 'लेखक म्हणतात, थकवा तिला ठाऊकच नव्हता. अशी बाई या तालुक्यात मला दाखवा. ज्यांनी कधी कंबर वाकवली नाही, त्यांनाच आमचे हसू दिसते.'

नेमके तेच लेखक वर्धापनदिनाला पाहुणे म्हणून येणार होते. त्या सकाळी जयरामभाऊंनी, होय, नियम करणाऱ्या जयरामभाऊंनीच, ओल्या फडक्याने ते पुसले आणि माझ्यावर लिहिले, 'हार्दिक स्वागत'.

देवकी आली, तिने पाहिले.

"भाऊ, पुढचा वाचक कोण आला होता?"

"समजून घे गो. पाहुण्यांचा मान असतो. दोन दिवस थांब, मग लिही."

"दोन दिवसांनी माझं मत बदलायचं नाय."

"मग घरी ठेव ते."

"घरी जागा नाय. तिथं सासूबाईंची मतं भरून हायेत."

ती ओरडली नाही. मुलीला खाली बसवले, पदराने ते स्वागत पुसले आणि तेच मत पुन्हा लिहिले, आधीपेक्षा मोठ्या अक्षरात. खाली नावही घातले. एवढ्यात पाहुण्यांची जीप वळणावर दिसली. पुसायला वेळ नव्हता. जयरामभाऊंनी मला खिळ्यावरून काढले, उलटे केले आणि पुन्हा टांगले. पाहुणे माझ्या कोऱ्या पाठीशेजारी हार घालून फोटोला उभे राहिले.

त्याला आता काही वर्षे झाली, मी अजून तसाच उलटा टांगलेला आहे, तिचे मत भिंतीकडे. माझ्या पाठीवर वाचनालयाची वेळ लिहितात. देवकी अजून पुस्तके नेते, आणून देते. "कसं वाटलं?" असे तिला कोणी विचारत नाही. ती क्षणभर थांबते आणि निघून जाते. मित्रांनो, त्या क्षणाचा मला संताप येतो.

मला रंग नको, नवा खिळा नको. पटत नसेल तर खुशाल तिचे मत पुसा आणि तिथे तुमचे लिहा, मी दोन्ही पेलीन. पण पुसण्यासाठी आधी मला सरळ करावे लागेल. आणि सरळ केलेत की, इलाज नाही, ते वाचावे लागेल.