दुसरी आणि चौथी पात

चतुराबाईने ज्वारीतलं कुर्डूचं तण उपटून हातात धरलं आणि तिचा डोळ्यांवर विश्वासच बसेना. देठ पिळलेल्या लुगड्यासारखा झाला होता, पानं आत मुडपलेली. आणि त्याला खेटून उभी असलेली ज्वारी मात्र हिरवीगार, केसालाही धक्का नाही.

बांधावर तिच्या टोळीतल्या बाया खुरपी घेऊन उभ्या होत्या. तिच्यासकट सहा जणी. राजूरच्या शिवारात खुरपणीला त्यांचंच नाव निघे. पण त्या साली, अठ्ठ्याऐंशीच्या पावसाळ्यात, मालक रामरावांनी पहिल्यांदाच तणावर औषध मारून घेतलं होतं.

“याला कसं कळतं, कोणाला मारायचं न् कोणाला ठिवायचं?” तिने विचारलं.

फवारणीवाला चांदपाशा तिथेच पंप धूत होता. औषधाचं नाव टू-फोर-डी, हे त्याने रुबाबात सांगितलं आणि वर अर्थही सांगितला: दोन-चार डे, म्हणजे दोन-चार दिवसांत काम तमाम. बायांना ते एकदम पटलं. रामरावांची लेक बेबीनंदा मात्र खुदकन हसली. ती जालन्याला कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होती. तिने काडीने ओल्या मातीत सहा कोनांचं एक कडं काढलं. औषधाच्या एकेका कणात या सहा जागा, म्हणाली. पहिल्या जागेवर शेपूट, दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर क्लोरीन, म्हणून टू आणि फोर. क्लोरीन दोन, म्हणजे डाय, म्हणून डी. हेच दोन क्लोरीन दुसऱ्या आणि सहाव्या जागेवर बसवले तर तणाला काहीच होत नाही.

“नुसती जागा बदलली तं?”

“नुसती जागा, मावशी.”

चतुराबाई त्या कड्याकडे बघतच राहिली. डोळ्यांना न दिसणाऱ्या कणातसुद्धा कोणी कुठे बसायचं हे ठरलेलं, आणि त्यावर शेतभराचं मरणं-जगणं! तिने बांधावरच्या आपल्या बायांकडे पाहिलं. कारण तिची टोळीही अशीच बसे. खुरपताना सहा जणींच्या सहा पाती, म्हणजे प्रत्येकीच्या वाट्याच्या ओळी. दुसरी पात चतुराबाईची, चौथी चांगुणाबाईची आणि मधली शिवकन्येची. शिवकन्येचा डावा हात जन्मापासून वाळलेला. एकाच हाताने तण धरायचं की खुरपं चालवायचं? या दोघी दोन्ही बाजूंनी तिच्या पातीतलं तण ओढून घेत आणि ती पोरगी सगळ्यांच्या बरोबरीने पुढे सरके. आजवर एकाही मालकाच्या ते ध्यानात आलं नव्हतं.

तेवढ्यात रामराव आले. रुंद पानाचं तण मेलं, आता गवत तेवढं उरलंय, त्याला दोन बाया पुरे, असं त्यांनी सांगितलं. चतुराबाई आणि चांगुणाबाईने यावं, बाकीच्यांनी दुसरीकडे काम बघावं. शिवकन्येने मान खाली घातली. तिच्या मजुरीवर तिची म्हातारी आई जगत होती, आणि या टोळीबाहेर तिला कोणी कामाला घेत नसे.

चतुराबाई बेबीनंदाकडे वळली. “बाई, ह्या बाकीच्या जागा पुसल्या न् दोन न् चारच ठिवले, तं औषध चालंल का?”

“न्हाई मावशी. मंग ते औषधच राहत न्हाई.”

रामराव हसले, पण दोन म्हणजे दोनच.

कपाशीवर हे औषध चालत नाही, तणाआधी कपाशीच मरते. तिथलं काम शाबूत होतं. दुसऱ्या दिवशी चांगुणाबाई ज्वारीतली आपली जागा शिवकन्येला सोडून, बाकीच्यांना घेऊन दुसऱ्या मालकाकडे कपाशी खुरपायला गेली, आणि चतुराबाई शिवकन्येला घेऊन ज्वारीत उतरली. रामरावांच्या कपाळावर आठी पडली. आधी काम बघा, मग बोला, एवढंच ती म्हणाली.

दिवसभर दोन्ही पाती सारख्या पुढे गेल्या. पलीकडून ओढायला आज कोणी नव्हतं. हरळीची मुळं खोल गेलेली, आणि चतुराबाई एकटी जवळजवळ दोन पाती ओढत होती. दुपारी रामराव बांधावर बराच वेळ उभे राहिले.

“ही पोरगी बी चपळ हाय की,” ते म्हणाले. “मला ठावंच नव्हतं. उंद्या बी ये गं.”

“हाय ना मालक,” चतुराबाई वर न बघताच म्हणाली.

उन्हं कलली आणि रामराव घरी गेले. चतुराबाई बांधावर टेकली, पण खुरपं काही तिच्या हातातून सुटेना. मूठ आवळली ती आवळलीच. शिवकन्या तिच्यापुढे येऊन बसली आणि आपल्या चांगल्या हाताने तिचं एकेक बोट उघडू लागली.