वरचा भोंगा

‘सोमाजीराव, यंदा वरचा भोंगा नको,’ सरपंच बाळासाहेब म्हणाले. ‘तीनच लावा. पटांगणापुरते.’

मी पिकअपमधून मशीन उतरवत होतो. ‘का वं? दरसाली असतोय की.’

‘दरसाली वैनी व्हत्या झाडावर चढायला. आता तुमी चढणार? सव्वीस जानेवारीला गुडघा मोडून घ्याल, राव.’

‘बरं,’ मी म्हणालो.

बरं म्हणायची मला सवय आहे. बत्तीस वर्षं मी घोडेगावात स्पीकरचं दुकान चालवतो. लग्न, जत्रा, सभा, ज्याचं बोलावणं येईल तिथं जातो. लोक सांगतात तेवढा आवाज लावतो. या बत्तीस वर्षांत मी जेवढी भाषणं ऐकली तेवढी तालुक्यात कोणी ऐकली नसतील. मोठा वक्ता सुरुवातीला हळू बोलतो, ते मला माहीत आहे. मग तो एकच प्रश्न तीनदा विचारतो. मग थांबतो. तो थांबला की मी बटणावर बोट ठेवतो, कारण आता तो ‘एकता’ म्हणणार आणि माईक शिट्टी मारणार. ‘समता’ हा शब्द शेवटी येतो. त्यानंतर आभार आणि हार.

माझी बायको चिमाबाई प्रत्येक कामाला बरोबर असायची. वायरी ती ओढायची, झाडावर ती चढायची. ती घाटघरची होती, नाणेघाटाच्या तोंडाशी वाढलेली. चढण म्हणजे तिला काहीच वाटायचं नाही. भाषण कसं झालं, असं मी विचारलं की ती म्हणायची, ‘झालं चांगलं. पर पोचलं कुटवर?’

त्यासाठीच हा वरचा भोंगा होता. ही सभा ज्या वाकदरे गावात असते, त्याच्या वरच्या अंगाला उंबरमाळ नावाची वाडी आहे. वीसबावीस घरं. वाडीतल्या बाया गावाच्या सभेला खाली येत नाहीत. उतारावर हिरड्याचं एक झाड आहे, त्याच्याखाली बसतात आणि तिथून बघतात. पूर्वी त्यांना खाली बसू देत नव्हते. पुढं कोणी नको म्हणेनासं झालं, पण या असंही कोणी म्हणालं नाही. म्हणून त्या तिथंच बसत राहिल्या. चिमाबाईनं हे पहिल्याच वर्षी पाहिलं आणि एक भोंगा उचलून त्या हिरड्यावर नेऊन बांधला. तारेनं झाडाची साल कापते म्हणून जुन्या लुगड्याच्या पट्टीनं बांधला. मग मी खालून विचारायचो, ‘मागं ऐकू येतंय का?’ ऐकू आलं की ती वरून पदर हलवायची. पदर हलला की मी सभा सुरू करा म्हणून सांगायचो.

गेल्या भाद्रपदात ती वारली. पिकअपमध्ये तिच्या जागेवर आता मी वायरींची पिशवी ठेवतो.

तीन भोंगे लावून झाले. माईक ठेवायला मी टेबलाशी गेलो. टेबलावर ग्रामसेवकाचा कागद होता. झेंडावंदन झालं की पाव्हण्यांचं भाषण आणि लगेच ग्रामसभा, असा बेत होता. मी कागद वाचला. तिसरा विषय असा होता : उंबरमाळसाठी मंजूर झालेली पाण्याची टाकी गावठाणात शाळेमागे बांधणे. हरकत : नाही.

सभा व्हायची होती, पण ‘नाही’ लिहून तयार होतं.

उंबरमाळच्या बाया पाण्याला डोंगरात झऱ्यावर जातात. जाऊन यायला तास लागतो, उन्हाळ्यात दोन. भोंगा का नको होता ते मला कळलं. माईक हातात घेऊन म्हणालो, ‘हॅलो, हॅलो.’ आणि सवयीनं वर बघितलं.

हिरड्याखाली बाया येऊन बसल्या होत्या. त्या माझ्याकडं बघत होत्या. मी त्यांच्याकडं बघत होतो. पदर कोणाचाच हलला नाही. हलणार कसा, ऐकूच गेलं नव्हतं.

मी पिकअपमधून चौथा भोंगा काढला. तिच्या लुगड्याची हिरवी पट्टी त्याला तशीच गुंडाळलेली होती. भोंगा खांद्यावर घेतला आणि मागं वायर सोडत चढायला लागलो. बाळासाहेब तेव्हा पाव्हण्यांची गाडी बघायला रस्त्यावर गेले होते.

चिमाबाई पाच मिनिटांत चढायची. मला वीस लागली. झाडाखाली नूतन उभी होती. वाडीतली ती एकच बाई बारावीपर्यंत शिकलेली. तिनं माझ्या हातातून भोंगा घेतला.

‘काका, बसा आदी. दम घ्या. तोंड बगा कसं लाल झालंय.’

‘बांदता येईल का तुला?’

‘काकीनं शिकवलीया गाठ. तुमचीच गाठ सुटायची, ती म्हनायची.’

बाया हसल्या. मीही हसलो. भाद्रपदानंतर पहिल्यांदा हसलो असेन. नूतन झाडावर चढली आणि तिनं भोंगा बांधला. मी तिला कागदातलं काही सांगितलं नाही. एवढंच म्हणालो, ‘भाषण झालं तरी उठू नका. म्होरलं बी ऐका.’

झेंडा वर गेला. पाव्हणे बोलायला उभे राहिले. पुण्याहून आले होते. भाषण खरंच चांगलं होतं, खोटं कशाला बोलू. ते म्हणाले, देशाच्या एका टोकाला काटा टोचला तर दुसऱ्या टोकाच्या डोळ्यांत पाणी यावं, याला एकता म्हणतात. मग थांबले. मी बटणावर बोट ठेवलं. मग म्हणाले, ‘आणि समता म्हणजे काय? रांगेत जो शेवटचा उभा आहे, त्याच्यापासून वाटायला सुरुवात करायची. शेवटच्यापासून.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाळासाहेबांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या.

तेवढ्यात शाळेत जिलेबी आल्याची बातमी आली. निम्मी सभा उठून तिकडं गेली. बाळासाहेबांना ते बरंच वाटलं असणार. ग्रामसेवक भराभर वाचू लागला. पहिला विषय झाला, दुसरा झाला. ‘विषय तिसरा. उंबरमाळची टाकी गावठाणात बांधणे. वाडीची हरकत नाही. मंजूर. विषय चौथा.’

तो बोलत होता ते हिरड्यावरून डोंगरभर ऐकू जात होतं; भाषणाच्या वेळी गर्दीत आणि टाळ्यांत ते कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं, आता निम्मं पटांगण रिकामं होतं. ग्रामसेवक दचकून वर बघायला लागला. बाळासाहेबांनीही बघितलं आणि मग माझ्याकडं बघितलं.

नूतन उतारावरून पळत येत होती. मागं दोघी आणखी होत्या.

‘तिसरा विषय परत घ्या,’ ती आल्या आल्या म्हणाली.

‘झाला तो,’ बाळासाहेब म्हणाले. ‘तुमी टायमाला येत न्हाई, त्याला आमी काय करायचं?’

‘आमी सकाळपास्नं बसलोय. तुमी वर बगितलं न्हाई.’

तिनं माईक हातात घेतला. बाळासाहेबांनी मला खूण केली, बंद कर म्हणून. बत्तीस वर्षांत ही खूण मी शंभर वेळा पाळली असेल. माझं बोट बटणावरच होतं. मी बटण फिरवलं आणि आवाज वाढवला.

‘आमची हरकत हाय,’ नूतन म्हणाली. तिचा आवाज कापत होता, पण डोंगरावर आपटून परत आला तेव्हा कापत नव्हता. तो ऐकून तिला धीर आला. ‘पाव्हणं आत्ता म्हनलं, शेवटच्यापास्नं सुरू करा. आमी हाय शेवटचं. आमच्या म्होरं अख्खं गाव हाय, मागं नुसता डोंगर. तवा करा सुरू.’

पाव्हणे खुर्चीत हलले. स्वतःचंच वाक्य होतं, नाकारणार कसे? त्यांनी टाळी वाजवली.

‘हात वर करा,’ ग्रामसेवक पुटपुटला. टाकी गावठाणात हवी म्हणणारे अकरा हात वर झाले. बाकीचे जिलेबीला होते. काहीजण तोंड पुसत परत आले, पण त्यांतल्या ठकूबाई नावाच्या म्हातारीनं हात वर केला नाही. ती म्हणाली, ‘माज्या दारात नळ हाय. मी हात कशाला वर करू?’

‘टाकी वाडीत हवी म्हणणारे?’

इथले सात हात वर झाले. मी माईक माझ्याकडं घेतला. सभेत मी ‘हॅलो’ सोडून कधी काही बोललो नव्हतो.

‘मागं ऐकू येतंय का?’ मी विचारलं. ‘टाकी वाडीत पायजे त्यांनी हात वर करा.’

हिरड्याखालच्या बाया उभ्या राहिल्या. सवयीनं म्हणा, चिमाबाईचं बघून म्हणा, त्यांनी हात नाही, पदर वर केले. वाऱ्यावर सगळे हलले.

‘ते हात धरायचे का?’ ग्रामसेवकानं विचारलं.

‘धरा,’ पाव्हणे म्हणाले. ‘मोजा.’

तेवीस पदर होते. ग्रामसेवकानं ‘नाही’वर रेघ मारली आणि वरती ‘आहे’ लिहिलं. बाळासाहेबांनी सही केली. जाताना ते मला म्हणाले, ‘सोमाजीराव, गुडघा बरा हाय की तुमचा.’

‘बरा हाय,’ मी म्हणालो.

सामान आवरलं तेव्हा ऊन कलायला आलं होतं. नूतननं विचारलं, ‘काका, वरचा भोंगा सोडून आणू?’

‘राहू दे तितं. पंधरा ऑगस्टला लागंल.’

‘आन् ती पट्टी? काकीची हाय.’

मी वर बघितलं. गाठ घट्ट बसली होती.

‘ती बी राहू दे.’

परतताना शिनोलीच्या वळणावर पिकअपमध्ये मागं भोंगे गडगडले. चार असले की ते एकमेकांत नीट बसायचे, हलायचे नाहीत. तिघांना जागा फार होती. घोडेगाव येईपर्यंत ते वाजत राहिले.